गच्चीवर उतरवा ध्रुवीय हवामान उपग्रहाचे चित्र: मराठवाड्यातील हौशी निरीक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मृग निघाला की मराठवाड्यात लहानथोर सगळेच आभाळाकडे पाहू लागतात, आणि मग कित्येकदा तोच अनुभव पदरी येतो: ढग दाटतात, दिवसभर ऊन अडवतात आणि एक थेंबही न पाडता पुढे निघून जातात. बरसणारा ढग आणि नुसता झाकोळ यांतला फरक खालून पाहणाऱ्याला दर वेळी ओळखता येत नाही. तोच ढग वरून, आणि तोही दोन-तीन वेगवेगळ्या तरंगलांबींत पाहिला, तर बहुतेक वेळा उलगडा होतो. असे चित्र ध्रुवीय कक्षेतील हवामान उपग्रहाकडून थेट आपल्या गच्चीवर कसे उतरवावे आणि उतरवल्यावर कसे वाचावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. उद्या पेरावे की थांबावे, हे ठरवण्यासाठी हा मार्ग नाही. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहावा, आणि ढगांची हालचाल पाहायची असेल तर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून सतत भारताकडे पाहणाऱ्या इन्सॅट-३डीआर व इन्सॅट-३डीएस या भूस्थिर उपग्रहांची चित्रे पाहावीत. ध्रुवीय उपग्रह आपल्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. मात्र तो सुमारे ८३० किलोमीटरवरून, म्हणजे कितीतरी जवळून पाहतो आणि आपले चित्र कोणाच्याही मध्यस्थीशिवाय खाली पाठवतो.

उपग्रह कोणता?

इंटरनेटवरील जुनी मार्गदर्शने वाचून अनेक जण इथेच फसतात. नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे अमेरिकी उपग्रह वर्षानुवर्षे हौशी निरीक्षकांचे पहिले गुरू होते आणि त्यांच्या वारंवारिता आजही शेकडो पानांवर लिहिलेल्या आहेत. परंतु हे तिन्ही उपग्रह २०२५ साली, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, कायमचे बंद करण्यात आले. १३७.६२, १३७.९१२५ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. (नोआ-१९ ची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो: २००३ मध्ये हा उपग्रह कारखान्यातच जमिनीवर आडवा पडला होता, कारण ज्या तबकडीवर तो उभा केला तिचे २४ बोल्ट कोणीतरी काढून नेले होते आणि ते जागेवर आहेत का, हे कोणी पाहिले नव्हते. दुरुस्तीनंतर तो २००९ मध्ये उडाला आणि सोळा वर्षे चालला. अँटेना गच्चीवर बांधताना ही गोष्ट मनात असू द्यावी.)

आज साध्या साहित्याने चित्र मिळते ते रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेतील दोन उपग्रहांकडून. त्यांपैकी २-३ हा जून २०२३ मध्ये आणि २-४ हा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडण्यात आला. दोन्ही १३७.९ मेगाहर्ट्झवर किंवा, पर्याय म्हणून, १३७.१ मेगाहर्ट्झवर एलआरपीटी नावाच्या डिजिटल पद्धतीने चित्र पाठवतात. २-३ चा संकेत तुलनेने कमजोर असल्याचा हौशी निरीक्षकांचा अनुभव आहे, त्यामुळे पहिला प्रयत्न २-४ वरच करावा. युरोपचे मेटऑप आणि अमेरिकेचे नोआ-२०, नोआ-२१ हे अधिक समृद्ध उपकरणांचे उपग्रह आहेत. पण त्यांचा संकेत पकडायला उपग्रहाच्या मागे फिरणारी तबकडी लागते, म्हणून त्यांची चित्रे आपण पुढे पडताळणीपुरती वापरणार आहोत.

वर नेमके काय बसवले आहे?

उपग्रहावर कॅमेरा असतो आणि तो फोटो काढतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मेटिऑरवरील एमएसयू-एमआर हे मुख्य उपकरण म्हणजे प्रारणाची तीव्रता मोजणारा रेडिओमीटर आहे. त्यातील आरसा कक्षेला आडव्या दिशेने जमीन झाडत जातो, एका झाडणीत सुमारे २,८०० किलोमीटर रुंदीची एक ओळ मोजतो, तेवढ्यात उपग्रह पुढे सरकतो आणि पुढची ओळ सुरू होते. उपग्रहाच्या पायाखालची जमीन सेकंदाला साधारण साडेसहा किलोमीटर मागे पडते आणि ओळीही जवळपास त्याच गतीने येतात. त्यामुळे बरोबर खालच्या भागात चित्राचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा असतो, तर कडेला तो ताणला जाऊन बराच मोठा होतो.

ही मोजणी सहा वाहिन्यांत होते. पहिली ०.५ ते ०.७ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश. दुसरी ०.७ ते १.१, म्हणजे जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड), ज्यात हिरवे पीक झळकते. तिसरी १.६ ते १.८, जी पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण यांत भेद करते. चौथी ३.५ ते ४.१, पाचवी १०.५ ते ११.५ आणि सहावी ११.५ ते १२.५ मायक्रोमीटर. शेवटच्या दोन वाहिन्या परावर्तित प्रकाश मोजत नाहीत, त्या वस्तूची स्वतःची उष्णता मोजतात, म्हणून रात्रीही चालतात. एलआरपीटीतून एका वेळी या सहांपैकी तीनच वाहिन्या खाली येतात. कोणत्या पाठवायच्या, हे उपग्रह चालवणारे ठरवतात.

याखेरीज मेटिऑरवर सूक्ष्मतरंग मोजणारे आणि वातावरणाचे उभे तापमान मोजणारे उपकरणही असते. नोआ-२० वर व्हीआयआयआरएस हा २२ पट्ट्यांचा रेडिओमीटर आणि एटीएमएस हा २२ वाहिन्यांचा सूक्ष्मतरंग मापक आहे. सूक्ष्मतरंग ढगाच्या आरपार येतात, त्यामुळे ढगाखालची आर्द्रता व तापमान त्यांतून कळते. संगणकी अंदाजांना खरी मदत या मोजमापांची होते. आपल्याला मिळणारे देखणे चित्र त्या मानाने दुय्यम म्हणावे लागेल. तरीही डोळ्याला शिकवण्याचे काम चित्रच करते.

कक्षा आणि घड्याळ

हे उपग्रह विषुववृत्ताशी सुमारे ९८ ते ९९ अंशांचा कोन करून, जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात आणि १०१ मिनिटांच्या आसपास एक प्रदक्षिणा पुरी करतात. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असल्याने त्यांच्या कक्षेचे प्रतल रोज साधारण एक अंश सरकते. सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या प्रवासाशी हे सरकणे जुळवलेले असते, म्हणून प्रत्येक उपग्रह ठरलेल्या स्थानिक सौरवेळेलाच येतो.

इथे मराठवाड्यापुरता एक हिशेब लक्षात ठेवावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि लातूर ७६.५ अंशांच्या जवळ आहे, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे २४ मिनिटे मागे चालतो. नोआ-२० दुपारी दीडच्या सौरवेळेचा उपग्रह आहे असे वाचले, तर आपल्या घड्याळात तो दोनच्या आगेमागे येणार, असे समजावे. दुसरी चूक याहून महागात पडते. फेरीच्या, म्हणजे उपग्रह आपल्यावरून जाण्याच्या, वेळा बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात आणि त्यांत साडेपाच तास मिळवावे लागतात. माझी पहिली फेरी मी याच कारणाने गमावली. मे महिन्यातील तापलेल्या गच्चीवर अर्धा तास बसून राहिलो, आणि उपग्रह यायला अजून पाच तास होते.

साहित्य आणि अँटेना

संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर नावाचा छोटा रिसीव्हर, एक लॅपटॉप, केबल टीव्हीची आरजी-६ वायर आणि अॅल्युमिनियमच्या दोन कांड्या, एवढ्यात काम भागते. रिसीव्हर आपल्याकडे दुकानांत सहसा मिळत नाही, तो ऑनलाइन मागवावा. बाकीचे साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळते. आरजी-६ ही ७५ ओहमची आणि रिसीव्हर ५० ओहमचा, असा आक्षेप जाणकार घेतील, परंतु या कामात त्याने होणारे नुकसान नगण्य आहे. वायर मात्र शक्य तितकी आखूड ठेवावी.

अँटेना इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा द्विध्रुव असतो. प्रत्येक कांडी ५३.४ सेंटिमीटर लांबीची कापावी. १३७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरपेक्षा थोडी जास्त असते आणि तिच्या चतुर्थांशाहून किंचित कमी, असे हे माप आहे. वायरमन वापरतात ती स्क्रूची प्लॅस्टिक पट्टी घेऊन दोन्ही कांड्या लाकडी किंवा पीव्हीसी आधारावर १२० अंशांच्या कोनात, जमिनीला समांतर बसवाव्यात. एका कांडीला वायरीचा मधला तांब्याचा तार आणि दुसरीला बाहेरची जाळी जोडावी. व्ही-ची उघडी बाजू उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावी, कारण उपग्रह साधारण त्याच दिशांनी येतो-जातो. अँटेना आडवा ठेवल्याने उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणारे, जमिनीवरील संकेत आपोआप दबतात, हा याचा आणखी एक फायदा.

उंचीबद्दल थोडे थांबून विचार करावा लागतो. अँटेनाखाली पत्रे असतील तर ते आरशासारखे काम करतात. पत्र्यापासून सुमारे ५५ सेंटिमीटर उंचीवर परावर्तित लहर डोक्यावरून येणाऱ्या लहरीला बळ देते, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११० सेंटिमीटरच्या आसपास, तीच लहर तिला मारते. ‘जितका उंच तितका चांगला’ हा टीव्हीच्या जमान्यातील नियम इथे लावू नये. सिमेंटच्या स्लॅबवर हा परिणाम सौम्य असतो आणि मातीच्या माळवदावर त्याहून कमी. तिथे कठड्याची आडकाठी होणार नाही इतकी उंची निवडून दोन-तीन फेऱ्यांत फरक पाहावा. बालाघाटच्या कुशीत, दरीकाठच्या गावात राहणाऱ्यांना क्षितिजाजवळचा भाग गमवावा लागेल, त्याला इलाज नाही.

सर्वांत मोठा शत्रू आकाशात नसून घरातच असतो. इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौरपंपाचा कंट्रोलर हे सगळे याच पट्ट्यात खरखर पसरवतात. लाइट गेलेली असताना मला कधी नव्हे इतका स्वच्छ संकेत मिळाला आणि लाइट येताच पडद्यावरचा आवाजाचा थर वर चढला, तेव्हा दोषी कोण हे कळले. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि शक्य असेल तर त्या पंधरा मिनिटांपुरता इन्व्हर्टर बंद ठेवावा. शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रे जवळ असतील तर ती रिसीव्हरला बधिर करतात. अशा वेळी एफएम अडवणारा फिल्टर लावावा आणि गरज वाटली तरच त्यापुढे संकेतवर्धक जोडावा. आधी वर्धक घेतला तर तो खरखरही वाढवतो.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात वीज कडाडत असेल तर गच्चीवर जाऊ नये. आभाळ भरून येण्याआधीच अँटेनाची वायर रिसीव्हरपासून काढून घराबाहेर ठेवावी. दर वर्षी मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. एका चित्रासाठी हा धोका पत्करू नये.

फेरी पकडणे

संगणकावर जी-प्रेडिक्ट किंवा फोनवर लुक-फोर-सॅट यासारखे ॲप घेऊन त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत. लातूरसाठी १८.४ उत्तर व ७६.५ पूर्व, छत्रपती संभाजीनगरसाठी १९.९ उत्तर व ७५.३ पूर्व, इतकी अचूकता पुरते. कक्षेची आकडेवारी आठवड्यातून एकदा ताजी करावी. एका उपग्रहाच्या दिवसरात्रीत चार-पाच फेऱ्या आपल्या क्षितिजावर येतात, पण त्यांपैकी डोक्याजवळून जाणारी निवडावी. सुरुवातीला ४५ अंशांपेक्षा जास्त उंची गाठणारी दिवसाची फेरी घ्यावी.

संकेत उतरवण्यासाठी सॅटडम्प हा मोफत प्रोग्राम वापरावा. त्यात रेकॉर्डिंगच्या भागात रिसीव्हर निवडून वारंवारिता १३७.९ मेगाहर्ट्झ आणि नमुन्यांचा दर सेकंदाला दहा लाख ठेवावा. प्रक्रियेच्या यादीतून मेटिऑर एम२-एक्स एलआरपीटी ७२के ही ओळ निवडावी. गेन, म्हणजे रिसीव्हर संकेत किती मोठा करतो ते प्रमाण, हळूहळू वाढवत न्यावा आणि संकेताबरोबर आवाजाचा थरही तितकाच वर चढू लागला की एक पायरी मागे यावे. पहिल्या काही वेळा कच्चा संकेतही साठवून ठेवावा, म्हणजे सेटिंग चुकले तरी फेरी वाया जात नाही. वरील दराने आणि ८ बिटांच्या नमुन्यांनी पंधरा मिनिटांच्या फेरीला साधारण १.८ गिगाबाइट जागा लागते.

फेरी सुरू झाल्यावर धबधब्यासारख्या आलेखात एक रुंद, धूसर पट्टा उमटतो. जुन्या उपग्रहांसारखा टिकटिक आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे नवख्याला काहीच येत नाही असे वाटते. खरी खूण ठिपक्यांच्या चौकोनात दिसते: विस्कटलेला पुंजका हळूहळू चार गटांत विभागला जातो, आणि सिंक झाल्याचा हिरवा शब्द दिसला की चित्राच्या ओळी येऊ लागतात. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारिता तीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते, मात्र हा संकेत त्याच्या कितीतरी पट रुंद असल्याने हाताने काही दुरुस्त करावे लागत नाही. संकेत तुटला तर चित्रात आठ-आठ ओळींचे काळे पट्टे येतात. ते एकाच दिशेला येत असतील तर त्या बाजूला झाड, पाण्याची टाकी किंवा डोंगर आहे, आणि मधूनच कुठेही येत असतील तर घरातील खरखर आहे, असे समजावे.

उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला असेल तर चित्र उलटे येते. सॅटडम्पमध्ये ते फिरवता येते आणि त्यावर किनाऱ्याच्या व सीमांच्या रेषाही काढता येतात. डोक्यावरून गेलेल्या फेरीचे चित्र केवढे असते, हे पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही: दक्षिणेला विषुववृत्तापलीकडचा हिंदी महासागर, दोन्ही बाजूंना अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, मध्ये सगळा भारत, वर हिमालय, आणि क्षितिज मोकळे असेल तर थेट कझाकस्तानातील बाल्खाश सरोवरापर्यंत.

चित्र वाचणे

खरे काम इथून सुरू होते. बहुतेक जण रंगीत जोडचित्र करून मित्रांना पाठवतात आणि थांबतात. माझे मत असे की रंगीत चित्र सर्वांत शेवटी करावे आणि आधी प्रत्येक वाहिनी करड्या रंगात स्वतंत्र पाहावी.

पहिली वाहिनी उघडा आणि पैठण शोधा. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरलेला असताना सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे चित्रात तीनशे-साडेतीनशे ठिपके, आणि तो सहज ओळखू येतो. त्याच्या तुलनेत मराठवाड्याच्या सीमेलगतचे लोणारचे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे, म्हणजे एक-दोन ठिपक्यांचे. ते दिसले असे कोणी म्हटले तर शंका घ्यावी. आता हाच भाग दुसऱ्या वाहिनीत पाहा. पाणी जवळचा अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा गिळते, म्हणून जलाशय काळाकुट्ट होतो आणि त्याची कड धारदार दिसते. हिरवे पीक उलट वागते: पहिल्या वाहिनीत गडद आणि दुसरीत उजळ. मे महिन्यात आपले काळे रान दोन्ही वाहिन्यांत गडदच असते. ऑगस्टअखेर सोयाबीन आणि कापूस वाढीला लागले की दुसऱ्या वाहिनीत तोच प्रदेश उजळतो, आणि पाऊस दडी मारून बसला असेल तर तो उजाळा फिकट व तुकड्यातुकड्यांचा राहतो.

ढगांसाठी दोन प्रश्न विचारायचे: हा ढग जाड आहे का, आणि त्याचा माथा किती उंच आहे? जाडीचे उत्तर पहिली वाहिनी देते, कारण जाड ढग प्रकाश जास्त परतवतो. उंचीचे उत्तर पाचव्या वाहिनीत मिळते, कारण वातावरणात दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान घटते आणि ढगाचा माथा थंड म्हणजेच उंच असतो. अशा औष्णिक, म्हणजे उष्णता मोजून केलेल्या, चित्रात थंड भाग पांढरा दाखवला आहे की काळा, हे आधी तपासावे. उन्हात तापलेली जमीन कोणत्या रंगात आहे, हे पाहिले की ते लगेच कळते.

पहिल्या वाहिनीत पांढराशुभ्र, पण पाचवीत जमिनीपेक्षा थोडाच थंड, असा सपाट ढग म्हणजे कमी उंचीचा झाकोळ. सह्याद्री ओलांडताना बरेचसे पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकून आलेले नैऋत्येचे वारे आपल्याकडे पुष्कळदा हाच ढग आणतात. त्यातून झिमझिम येईल, नाही तर काहीच येणार नाही. दोन्ही वाहिन्यांत ठळक, गोलसर आणि कडेला फुलकोबीसारखा उभार असलेला ढग म्हणजे गडगडाटी पावसाचा. दुपारच्या तिरप्या उन्हात त्याची सावलीही शेजारच्या ढगांवर पडलेली दिसते. तिसरा प्रकार फसवा आहे. पाचव्या वाहिनीत अतिशय थंड, परंतु पहिलीत इतका विरळ की खालची जमीन दिसते, असा ढग म्हणजे दूरच्या वादळाच्या माथ्यावरून वाहत आलेला बर्फकणांचा पडदा. फक्त औष्णिक चित्र पाहणारा माणूस त्याला मोठे वादळ समजतो.

त्या फेरीत औष्णिक वाहिनी आली नसेल तर तिसरी वाहिनी कामी येते. १.६ मायक्रोमीटरला बर्फ प्रकाश गिळतो आणि पाण्याचे थेंब तो परतवतात. याची खात्री करायला चित्राच्या उत्तरेकडे जावे: पहिल्या वाहिनीत हिमालयावरचे बर्फ आणि शेजारचे ढग दोन्ही पांढरे असतात, तिसरीत बर्फ काळे पडते आणि सखल ढग पांढरे राहतात. हाच नियम आपल्या डोक्यावरच्या ढगाला लावावा. पहिलीत तेजस्वी आणि तिसरीत काळवंडलेला ढग म्हणजे त्याचा माथा पाणी गोठते त्या उंचीच्या बराच वर, बर्फकणांचा झालेला आहे.

पडताळणी आणि नोंद

आपले वाचन बरोबर होते का, हे त्याच दिवशी तपासावे. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर तारीख निवडून व्हीआयआयआरएसचे चित्र शेजारी ठेवले की आपल्याला डाग वाटलेली जागा धरण होती की ढगाची सावली, हे कळते. ती फेरी दुपारी दोनच्या सुमाराची असल्याने सकाळच्या आपल्या चित्रातील ढग तोवर सरकलेले असतील, हे गृहीत धरावे. पावसाच्या पडताळणीसाठी मात्र उपग्रह नको. आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची दुसऱ्या दिवशीची नोंद पाहावी आणि वहीत चित्राची वेळ, ढगाचा प्रकार व पडलेला पाऊस अशा तीन रकान्यांत लिहावी. माझ्या वहीत पहिल्या हंगामात तिसऱ्या प्रकारच्या ढगाला मी पुन्हा पुन्हा पावसाचा समजलो होतो, आणि तो घोळ चित्रांनी नव्हे, त्या तिसऱ्या रकान्याने दाखवला.

फाइलच्या नावात उपग्रह, तारीख आणि जागतिक वेळ लिहावी, आणि रंग चढवलेल्या चित्रासोबत तिन्ही वाहिन्यांच्या मूळ फाइलही जपाव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यातील आणि ऑक्टोबरमधील, दोन्ही बिनढगाळ दिवसांची दुसरी वाहिनी एकाच मापाला आणून नाथसागराचे काळे ठिपके मोजले, तर पाणी किती पसरले याचा कच्चा अंदाज घरबसल्या निघतो. मात्र त्यासाठी दोन्ही वेळा जायकवाडी चित्राच्या मध्याजवळ आलेली फेरीच घ्यावी, कारण कडेचा ताणलेला ठिपका आणि मधला ठिपका एका मापाचे नसतात.